बाळारामची टाकीतली पोरं

मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला गेली की बाळाराम वाटी घेऊन दारोदार गूळ मागतो. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणतो, "खाली पोरं उपाशी आहेत." याचं लग्नच झालेलं नाही. पोरं म्हणजे आमच्या मैलापाण्याच्या टाकीतले जंतू.

मांजर्लीत आमच्या तीन विंगा. सगळ्यांचं संडास-मोरीचं पाणी मागच्या टाकीत जातं. तिथे जंतू घाण खातात, साफ पाणी बागेला जातं आणि गाळ वाळवून खत होतं. टाकी सांभाळणारा, तिथल्याच पंपाच्या खोलीत राहणारा बाळाराम त्या खतावर भेंडी पिकवतो आणि घरोघर वाटतो. लोक हसून घेतात, कचऱ्यात टाकतात. माझी शोभा मात्र भाजी करायची, आणि भेंडी कुठली ते मी ताटावरून उठल्यावर सांगायची.

चेंबरचं झाकण उचललं की कुणाकडे काय शिजलं ते हा वासावरून सांगतो. "ताई, काल तेल जास्त झालं, पोरांना पचलं नाही." बायका त्याला बघून जिना बदलतात.

शोभा दीड वर्ष अंथरुणावर होती. गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घर धुतलं. तिच्या उरलेल्या गोळ्या, औषधं, वर फिनेल आणि दोन बाटल्या अ‍ॅसिड, सगळं संडासात ओतलं. मला तो दवाखान्याचा वास घरात नको होता.

दोन दिवसांत टाकी काळी पडली. बागेत उभं राहवेना. सेक्रेटरी म्हणाले, रविवारपर्यंत पाणी सुधारलं नाही तर टाकी कायमची बंद, आणि बाळारामने पंपाची खोली सोडायची. त्याला दुसरं घर नाही.

तो एकेक चेंबर उघडून, गुडघ्यावर बसून नाक आत घालत होता. मी गॅलरीतून बघत होतो. ए विंग झाली, बी झाली. आमच्या चेंबरपाशी आला आणि हलेचना. मग त्याने वर बघितलं. मी आत सरकलो. थोड्या वेळाने बेल वाजली.

"मीच ओतलं," दार उघडताच मी म्हणालो. "जा, सांग त्यांना."

"ते कळलं, काका." तो चपला काढून दारातच उभा. "रोज साडेदहाला तुमच्या पाइपातून भाताची पेज यायची. माझी पोरं तिच्यावर वाढली. काकी पडल्यापासून येत नाही." त्याने वाटी पुढे केली. "गूळ आहे?"

मी शोभाचा डबाच्या डबा दिला.

त्याने गुळात शेण कालवून टाकीत ओतलं. हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीच्या टाकीतून दोन कॅन गाळ आणून विरजण लावावं तसा सोडला. रविवारी पाणी पिवळट निघालं, पण वास नव्हता. कुणी केलं होतं, सेक्रेटरींनी विचारलं. बाळाराम म्हणाला, माझाच पंप बंद राहिला.

"खोटं बोलतोय," मी म्हणालो. "माझं काम ते." चार शिव्या खाल्ल्या. टाकी राहिली, तोही राहिला.

आता मी बाहेरून येणारा जेवणाचा डबा बंद केलाय. भात करतो, कधी गिचका होतो. साडेदहाला पेज मोरीत ओतून गॅलरीत येतो. खाली बाळाराम झाकण उघडून बसलेला असतो. वर बघत नाही. नुसता हात वर करतो.