विरोधाची खुर्ची

उमरीकर सर रोज सकाळी सात वाजता आपल्या बायकोशी खोटं बोलतात.

हे मला ठाऊक आहे, कारण आमची दारं समोरासमोर. हैदराबादेत हिमायतनगरच्या एका गल्लीत आमची चार मजली अपार्टमेंट आहे आणि आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर. उन्हाळ्यात दारं उघडी, मध्ये नुसती जाळी. त्यामुळे मी चोरून ऐकत नाही, मला ऐकू येतं. सोमवार असला की सर चहाचा कप काकूंच्या हातात देऊन विचारतात, "शालू, आज गुरुवार ना?" काकू म्हणतात, "हो." दुसऱ्या दिवशी ते सांगतात, की आपल्या लग्नात काय धो धो पाऊस होता. मेमधल्या त्या लग्नात दोन वऱ्हाडी उन्हानं चक्कर येऊन पडले होते, हे सरांनीच मला तीनदा सांगितलेलं. काकू म्हणतात, "हो." मग सर थोडा वेळ थांबतात आणि चहा पितात.

आता हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण सर म्हणजे खऱ्याच्या पाठी हात धुऊन लागलेला माणूस. चाळीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर वर्ग नाही म्हणून आम्हाला धरलं. कुणी काहीही म्हटलं, की त्यांचा एकच प्रश्न: "हे खोटं कशानं ठरेल?" कोपऱ्यावरच्या आंबेवाल्यानं एकदा सगळे आंबे गोड असल्याची ग्वाही दिली. सरांनी त्याला भर उन्हात समजावलं, की पन्नास गोड निघाले तरी तुझं म्हणणं सिद्ध होत नाही, पण एक आंबट निघाला की ते पडलं. मग विचारलं, आंबट निघाला तर म्हणणं मागे घेशील का? आंबेवाला शांतपणे म्हणाला, "सर, मैं आमइच वापस ले लेता." सर इतके खूश झाले, की दोन डझन घेऊन आले. त्यातले निम्मे आंबट निघाले.

हे सगळं त्यांना त्यांच्या 'गुरुजीं'नी शिकवलं. गुरुजी म्हणजे परदेशातला एक विज्ञानाचा तत्त्वज्ञ, सरांनी त्याला कधी पाहिलं नाही, पण अफझलगंजच्या वाचनालयात त्याची पुस्तकं वाचून वाचून खिळखिळी केली. अजूनही दुपारी पावणेदोनला ते बस पकडून तिथे जातात आणि पाचला परततात. त्या वेळात काकू झोपतात. गुरुजींचं सार त्यांनी मला लिफ्टमध्ये, चार मजल्यांत सांगितलं होतं. जे म्हणणं खोटं ठरूच शकत नाही, ते विज्ञान नव्हे. आणि लोकशाहीचंही तेच. राज्य कोणी करावं, हे विचारत बसू नका. चुकलेल्याला डोकं न फोडता खुर्चीवरून उठवायचं कसं, एवढं विचारा.

लिफ्टमध्ये हे ऐकायला बरं वाटतं. पण रावगारू, म्हणजे तेलुगूत रावसाहेब, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले आणि टाळ्या चालू असतानाच सर उभे राहिले. अभिनंदन केलं आणि विचारलं, "आता तुम्हाला काढायचं कसं?" टाळ्या थांबल्या. रावगारूंच्या बायकोनं वाटायला आणलेल्या पेढ्यांचं झाकण परत लावलं.

तेव्हापासून सभेत एक लाल प्लास्टिकची खुर्ची रिकामी असते. विरोधाची खुर्ची. ज्याला ठराव पटत नाही त्यानं तिथे बसून बोलायचं, आणि कुणीच बसलं नाही तर सर स्वतः बसतात, अगदी स्वतःच्याच ठरावाच्या विरोधातसुद्धा. त्यामुळे आमची सभा दीड तास लांबते. मी मूळची पुण्याची, नोकरी सॉफ्टवेअरची, स्वभाव भांडणाला भिणारा. म्हणूनच मला सेक्रेटरी केलेलं. खरं सांगते, त्या खुर्चीचा मला राग यायचा. सगळ्यांचं एकमत होत असताना कशाला खाजवून खरूज काढायची, असं मला वाटायचं.

या एप्रिलमध्ये दुपारी तीनच्या सुमारास नळ कोरडे पडायला लागले. एक वाजता मोटर लावून वरची टाकी भरायची आणि तीनला ती रिकामी. हैदराबादच्या उन्हाळ्यात पाणी गेलं, की माणसाची भूतदया आधी जाते. दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चोर सापडला. आमचा वॉचमन यादगिरी. शेजारी बांधकाम चाललंय, तिथे तो पाइप लावून आमचं पाणी देतो. पुरावा काय? रोज साडेतीनच्या सुमारास तो गच्चीवरून खाली येताना तिघांनी पाहिला होता.

यादगिरी, त्याची बायको आणि दोन मुली खाली सेलारमधल्या, म्हणजे तळघरातल्या, एका खोलीत राहतात. मोठीची दहावी, धाकटी सातवीत. रावगारूंनी सभेत ठराव मांडला, की रविवारपर्यंत खोली रिकामी करावी. दहावीचे दोन पेपर बाकी होते. हे मला माहीत होतं, कारण ती मुलगी गणितं विचारायला माझ्याकडे यायची. मी मान खाली घालून ठराव लिहीत राहिले. एवढ्यात लाल खुर्ची करकरली.

सरांनी विचारलं, यादगिरी निर्दोष आहे हे कशानं कळेल? एक जण म्हणाला, त्याला पाइप लावताना कुणी पाहिलं नाही, कारण तो हुशार आहे. "म्हणजे दिसला तरी चोर आणि नाही दिसला तरी चोर," सर म्हणाले. "याला आरोप नाही म्हणत. ही तुमची श्रद्धा झाली." आवाज चढले. कुणीतरी तेलुगूत म्हाताऱ्याला बसवायला सांगितलं. सर बसलेलेच होते. ते गुडघा चोळत म्हणाले, प्रयोग करा. यादगिरीच्या घरच्या चौघांनी तीन दिवस मलकपेठला त्याच्या मेहुणीकडे राहावं, मोटर सेक्रेटरींनी लावावी. टाकी भरलेली राहिली तर त्याला काढायचा ठराव मी स्वतः मांडतो आणि ही खुर्ची उचलून देतो. टाकी रिकामी झाली तर अध्यक्षांनी मलकपेठला जाऊन त्याला परत आणायचं.

रावगारूंनी पटकन हो म्हटलं. त्यांची खात्रीच होती. मग सरांनी दोन दिवस घराघरात जाऊन सगळ्यांचे नळ तपासले, पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत. चौथ्या मजल्याची हमी मी देतो, म्हणाले.

पहिला दिवस रविवार. सर पहारा द्यायला घरीच थांबले. तीन वाजले, चार वाजले, टाकी भरलेली. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. सर संध्याकाळी माझ्या दारात आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, उद्याही थांबा. "नक्को," ते म्हणाले. "प्रयोगात नेहमीचं काही बदलायचं नसतं. मी आज थांबलो हेच चुकलं." सोमवारी ते नेहमीसारखे पावणेदोनची बस पकडून गेले.

मी घरूनच काम करत होते. तीन वाजता बेसिनचा नळ खाकरला आणि बंद पडला. मी तशीच जिन्याकडे धावले, कारण याचा अर्थ यादगिरी सुटला होता, आणि दुसरा कुणीतरी वर होता.

गच्ची तापून नुसती भट्टी झाली होती. टाकीखालच्या नळातून शेवटची धार वाहत होती. तिथे, टाकीच्या हातभर सावलीत, उलट्या बादलीवर शालिनीकाकू बसल्या होत्या. साडी पोटऱ्यांपर्यंत वर, पाय पाण्यात. समोर तीन कुंड्या, त्यांतली रोपं केव्हाच वाळून मेलेली, पण माती काठोकाठ भिजलेली. मला बघून त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मी नळ बंद केला आणि विचारलं, काकू, रोज येता? "हो." नळ बंद करायचा राहतो का? "हो." तुम्ही राष्ट्रपती आहात का, असं विचारलं असतं तरी त्या हो म्हणाल्या असत्या.

त्यांना खाली आणून निजवलं आणि यादगिरीला फोन लावला. तो म्हणाला, की रोज वर जाऊन नळ तोच बंद करायचा. मी चिडून विचारलं, मग सांगितलं का नाहीस? "अम्मा कू अंदर डाल के ताला लगा देते मॅडम. इसके वास्ते नै बोला."

ते खोटं नव्हतं. महिन्यापूर्वी काकू चुकून नारायणगुड्यापर्यंत चालत गेल्या होत्या, आणि त्यांना बाहेरून कुलूप लावत जा, असं ग्रुपवर चौघांनी लिहिलं होतं. मी गप्प बसले होते. यादगिरी स्वतःची खोली पणाला लावून गप्प बसला होता. दोन्ही गप्प बसण्यांत फरक आहे, आणि त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

पाच वाजता सर दुखरा गुडघा ओढत जिना चढताना दिसले, म्हणजे लिफ्टचीही वाट न बघता. टाकी रिकामी झाल्याचं ग्रुपवर वाचून आले होते. म्हणाले, "पडला की नाही त्यांचा सिद्धान्त?" मी त्यांना आत बसवलं आणि जे पाहिलं ते सांगितलं.

ते काकूंकडे गेले. विचारलं, "शालू, नळ तू सोडलास?" "हो." मग विचारलं, "का मी सोडला?" "हो." सर माझ्याकडे वळले आणि त्यांच्या इकडच्या मराठीत म्हणाले, "हिचा हो पुरावा नाही, सेक्रेटरी. पण तुम्ही डोळ्यांनी पाहू लालात म्हणजे खरं असेल. तीन मजले तपासले मी. माझं घर नाही तपासलं."

मग त्यांनी मला सकाळी सातचं सांगितलं. काकू म्हणजे त्यांच्या सगळ्या आयुष्याचा विरोधी पक्ष. ते जे म्हणतील त्याला त्या आधी नाही म्हणायच्या, भाजीपासून गुरुजींपर्यंत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं आणि नाही म्हणणं हळूहळू संपलं. आता त्या कशालाच विरोध करणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. "हासुद्धा सिद्धान्तच आहे ना?" सर म्हणाले. "हजार हो जमवले तरी तो सिद्ध होत नाही. एक नाही पुरे. म्हणून मी रोज एक खोटं बोलतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "फार एकटं वाटतं हो. घरात दोघं आहोत आणि मी एकटाच बोलू लालो."

दुसऱ्या दिवशीची सभा खचाखच भरली. रावगारूंच्या कपाळावर आठ्या होत्या. मलकपेठला जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि टाकी कुणी रिकामी केली हे कळल्याशिवाय मी जाणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. सर काकूंना एकटं ठेवायला धजले नाहीत, सोबत घेऊन आले. बसायला जागा नव्हती, लाल खुर्ची तेवढी रिकामी होती. काकू तिच्यावर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

सर उभे राहिले. "नळ मी उघडा ठेवतो," ते म्हणाले. "कुंड्यांना पाणी घालायला जातो आणि विसरतो. यादगिरीचा दोष नाही. मी माफी मागतो."

इतकं वाईट खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. रोज सकाळचा सराव काहीच कामी आला नाही, कान लाल झाले होते. रावगारूंनी मागे टेकून सावकाश विचारलं, "आप कब छोडते सर? दो बजे तो आप अफझलगंज में रहते." सर म्हणाले, जायच्या आधी. मग रविवारी टाकी भरलेली कशी राहिली? सर पुन्हा गुडघा चोळायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, कुणाला तरी वाचवतायत. दोन-तीन माना काकूंकडे वळायला लागल्या. मी पेन खाली ठेवलं. मी उठून काहीतरी बोलणार होते. खरंच बोलणार होते.

"नाही," काकू म्हणाल्या.

सर काकूंकडे वळले.

"नाही," त्या पुन्हा म्हणाल्या, त्रासून, घरात म्हणत असतील तशा. "हे कुठले वर जातात? गुडघा तरी वाकतो का यांचा? झाडांना पाणी मी घालते."

मराठी न कळणाऱ्यांनासुद्धा कळलं होतं. सर काकूंसमोर त्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर खाली बसले आणि त्यांचा हात धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मला म्हणाले, "लिहून घ्या सेक्रेटरी. उमरीकर खोटा ठरला. आजच्या तारखेत लिहा."

मी लिहिलं. मग मी पहिल्यांदाच सभेत उभी राहिले आणि यादगिरी फोनवर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत वाचून दाखवलं. रावगारू म्हणाले, ताला नल कू लगाओ, अम्मा कू नक्को. मग खिशातून गाडीची किल्ली काढून मलकपेठचा पत्ता मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मुद्दाम जाळीशी उभी राहिले. या वेळी चोरूनच. कप ठेवल्याचा आवाज आला. बुधवार होता. "शालू, आज रविवार ना?"

"हो," काकू म्हणाल्या.

मी जाळीपासून मागे सरले. सरांनी मला जाळीतून पाहिलं असावं, ते दाराशी आले. त्यांचा चेहरा मी इतका शांत कधी पाहिला नव्हता.

"परेशान नका होऊ," ते म्हणाले. "एकदा पडलेला सिद्धान्त आता हजार हो आले तरी उभा राहत नाही. ती आत आहे." आणि चहा निवतोय म्हणत ते काकूंकडे गेले.