मजकूर काय?

काशिनाथअण्णाला नमस्कार केला की तो उलट नमस्कार करत न्हाई, विचारतो, "मजकूर काय?" हळ्ळीखेडच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. गिऱ्हाइकानं सांगायचं, यानं लिहायचं. मराठी, कन्नड, उर्दू, म्हणाल ते. "मजकूर तुमचा, रंग माझा." स्वतःच्या घरावर मात्र पाटी न्हाई. कामून? तर कुणी सांगितलीच न्हाई!

जेवणाचंही तसंच. भर बाजारात शिडीवर चढलेला अण्णा भूक लागली म्हणून कधी उतरला न्हाई. बाजारातल्याच घरातून त्याची बायको, रत्नाक्का, हाक मारायची, तवाच उतरायचा. सगळा बाजार हसायचा. रत्नाक्का जाऊन आता वर्ष झालं. फ्लेक्स आल्यापासून शिडीही भिंतीला टेकून पडलेली.

डाळ मिलच्या जुन्या शेडमध्ये आमचं कला केंद्र निघालं, त्याच्या चाव्या माझ्याकडं. गावच्या कलाकाराला महिनाभर खोली, रंग आणि एक मोठी भिंत द्यायची, मनाला येईल ते काढायचं. मीच अण्णाचं नाव रेटलं. निवड झाली तवा पेढेही मीच वाटले.

अण्णा आला, रंग कालवले, शिडी लावली आणि भिंतीसमोर बसला.

"मजकूर काय?"

"अण्णा, तुमच्या मनातलं काढा!"

"माझ्या मनातलं कोण वाचायलंय? सांगा की कुणीतरी."

रोज हेच. डोकं फिरायची पाळी आली. शेवटी केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, रविवारपर्यंत भिंत कोरी राहिली तर खोली दुसऱ्याला देऊ. खोली गेली तर हा माणूस घरात एकटा बसून वाळून जाणार. आधीच निम्मा झालेला. सकाळी स्वतः थापलेली भाकर फडक्यात बांधून आणायचा आणि संध्याकाळी तशीच घेऊन जायचा.

"अण्णा, जेवा की!"

"कुणी बोलावलं न्हाई."

"मी बोलवायलोय न्हवं?"

"तुमचं तसं न्हाई वं."

शनिवारी संध्याकाळी शेडला कुलूप न लावताच मी घरी गेलो.

रविवारी मॅडमच्या आधी मीच धावत आलो. भिंत निळीभोर झाली होती. तिच्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं, पेठेतल्या मोठ्या दुकानाला काढावी तशी, मागं लाल सावली दिलेली:

ओ, या की. भाकर निवायलीय.

आणि खाली, मालकाचं नाव घालतात तिथं, 'प्रो. रत्नाबाई'.

"अण्णा, मजकूर कुणी दिला?"

"तिचाच हाय. रोजचा."

भिंतीचं उद्घाटन झालं, फोटो झाले, लोक पांगले. दुपारी एकच्या सुमाराला अण्णानं भिंतीकडं मान वर करून पाहिलं. "आलो," म्हणाला. नळाखाली हात धुतले, खाली बसला आणि फडकं सोडलं. भाकर केव्हाचीच निवली होती. त्यानं सगळी खाल्ली.