जादूनगरी पॅकेजमधली विहीण

माणसाला स्वतःच्या भावना असतात, हा समज आता मागे पडत चालला आहे. भावना व्हायोलिनला असतात. माणूस त्या फक्त उसन्या घेतो. सिनेमातला पंखवाला राक्षस आवाज बंद करून पाहा. पाल दिसते, तीही आजारी. मागे दीडशे वादकांनी ढोल-तुताऱ्या लावल्या की तीच पाल राज्य गिळते.

हे शास्त्र सर्वांत आधी कळलं ते नाशिकच्या लॉन्सवाल्यांना. म्हणून माझ्या लेकीच्या, चैतालीच्या लग्नात आम्ही ‘जादूनगरी पॅकेज’ घेतलं. त्यात धूर, थर्माकोलचा राक्षस, नवरदेवाला तलवार (बोथट, आणि परत करायची) आणि सिनेमासारखं संगीत. परीचं संगीत वाजलं की नवरी चालणार. राक्षसाचं वाजलं की नवरदेव तलवार उपसणार. व्हायोलिन पाठवणीला; तेव्हा सर्वांनी रडायचं. यंत्रावर मनमाडचे मुझफ्फरभाई बसणार आणि माझा भाऊ, घोटीचा रंगनाथ, टॉवेल हलवून त्यांना राक्षसाची खूण देणार. नियोजनात एकच गोष्ट राहून गेली. घाम.

विहीणबाई उज्वलाताई मांडवाच्या दारात आल्या आणि नेमकी तेव्हाच रंगनाथने टॉवेलने मान पुसली.

तुताऱ्या कडाडल्या. धूर सुटला. धुरातून हिरव्या पैठणीत उज्वलाताई प्रकटल्या. शंभरातली त्र्याण्णव माणसं मागे सरकली (उरलेली सात जेवत होती). माझ्या जावेने पोरं कडेवर घेतली. आणि जावईबापू संतोषराव, तालमीत शिकवल्याप्रमाणे, तलवार उपसून सख्ख्या आईवर धावले.

“अरे मेल्या, मी हाय! तुझी आई!”

“आई, बाजूला हो ना! राक्षस यायचाय!”

उज्वलाताईंनी पदर खोचला. “अक्षता पडायच्या आधीच मला राक्षस केलं या लोकांनी. गाडी काढा!”

चैतालीला याच बाईच्या घरात आयुष्य काढायचं होतं. मी धावतच मुझफ्फरभाईंना गाठलं. “भाई, काहीतरी मऊ लावा!”

“ताई, मऊ एकच आहे. पाठवणीचं. आणि पॅकेजमध्ये ते एकदाच वाजतं.”

“लावा!”

व्हायोलिन सुटलं. एक पाय गाडीत ठेवलेल्या उज्वलाताई थबकल्या, हुंदके देत परत आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. “पोरीला फुलासारखी जपीन हो!” संतोषराव तलवारीवर डोकं टेकून रडले. आचारी रडला (आमटी खारट झाल्याची तक्रार नंतर आली). अंतरपाट धरायच्या आधीच मांडव ओला.

मग लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणी आली. आणि शांतता. चैताली गाडीच्या दाराशी, मी समोर. तिच्या पदराची पिन सुटली होती, ती मी लावली. पुढे काय करायचं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

“आई, मुझफ्फरभाई कुठंयत?”

“जिलबी खातायत.”

“मग थांबू या?”

थांबलो. सगळं वऱ्हाड थांबलं. मुझफ्फरभाईंनी हात धुतले आणि (माणूस भला) पॅकेजबाहेर जाऊन पुन्हा वाजवलं. तेव्हा कुठे मला माझ्या लेकीला मिठी मारता आली.

तुम्ही हसताय. हसा. फक्त मागच्या वेळी आपल्या माणसाला स्टेशनवर सोडायला गेला होतात आणि मागे काहीच वाजत नव्हतं, तेव्हा काय केलंत ते आठवा. “पोचल्यावर मेसेज कर,” म्हणालात आणि पार्किंगची पावती शोधायला लागलात.