तारामतीचा ओळखपत्राचा फोटो

हरणवेळच्या बंदरातल्या नव्या गलबताचा ओळखपत्राचा फोटो तीनदा नापास झाला, कारण फोटो काढताना ते डोळे मिटायचं.

हे गलबत जुन्या तारामतीची प्रतिकृती होतं. तारामती म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी बुडालेलं लढाऊ गलबत. धाकू मेस्त्रींनी अगदी तिच्यासारखंच हे धाकटं बांधलं. तीच डोलकाठी, तशीच शिडं, आणि पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना रंगवलेले तसेच दोन डोळे. नावही तारामतीच ठेवलं. पाण्यात सोडून त्याला सात महिने झाले होते. एरवी येणाऱ्याजाणाऱ्याकडे ते टकामका बघत बसायचं. कॅमेरा दिसला की मात्र डोळे गच्च.

बंदर कार्यालयाचा नियम साधा होता. ओळखपत्र असेल तर ते जहाज. नसेल तर शोभेची वस्तू. आणि शोभेच्या वस्तू चौकात सिमेंटात बसवतात. चबुतरा बांधून तयार होता. मुदत शुक्रवारपर्यंत होती.

हे काम विशाखा नाखवाकडे आलं, कारण तिच्या स्टुडिओत लहान मुलांचे फोटो बरे येतात असं गावात बोललं जायचं. स्टुडिओ म्हणजे घराची पडवी आणि एक फिरतं स्टूल. तिचा चिनू दहा महिन्यांचा. त्याला ती कडेवर घेऊनच कामाला जायची. घरी ठेवला आणि खाटेवरून पडला तर? बटण गिळलं तर? गिळलं नाही आणि तिलाच वाटलं गिळलं, तर?

पहिला फोटो तिने धक्क्यावरून काढला. कार्यालयातले गोठणकर भाऊसाहेब तो बघून म्हणाले, "डोळे मिटलेत. आणि मागे समुद्र दिसतोय. मागे पांढरं पाहिजे."

"भाऊसाहेब, जहाजाच्या मागे समुद्रच असणार ना?"

"माझ्या मागे माझं घर असतं. मी आणतो का फोटोत?"

दुसऱ्या वेळी विशाखाने आधी गलबताच्या कपाळावर काजळाची तीट लावली, नजर लागत असेल म्हणून. गोठणकर म्हणाले, चेहऱ्यावर काही चालत नाही. तिसऱ्या वेळी मांडववाल्याकडून पांढरं कापड आणून मागे ताणलं, आणि धाकू मेस्त्रींनी देवळातली घंटा आणून वाजवली. त्या आवाजाने गलबताने डोळे इतके आवळले की रंगाचा एक पोपडा उडाला.

गुरुवारी दुपारी मेस्त्री धक्क्यावर पाय सोडून बसले होते.

"पोरी, सिमेंटात घातलं तर लाकडाला हवा नाही लागत. आतल्या आत कुजतं ते. वर्षभर पण नाही टिकायचं."

विशाखाने वाकून गलबताच्या फळीवर हात ठेवला. "अंग गरम लागतंय."

"ऊन आहे गे."

"तरी पण."

तेवढ्यात चिनू कडेवर रडायला लागला. तिने त्याला पदराखाली घेतलं आणि तो गप्प झाला. तेव्हा तिला आठवलं. चिनूच्या आधारकार्डाचा फोटो तरी कसा आला होता? स्टुलावर ती स्वतः बसली होती, डोक्यापासून पांढरी चादर ओढून. चादरीवर चिनूला बसवलं होतं आणि नवऱ्याने बटण दाबलं होतं. फोटोत आई कुठे दिसत नाही, पण चिनूला ठाऊक होतं की मागे आहे ती.

ती तशीच कार्यालयात गेली.

"भाऊसाहेब, त्याच्या आईला बोलवावं लागेल."

"ते तर मी सांगणारच होतो. पाच वर्षांखालच्या अर्जदाराला पालकाची सही लागतेच. आई कुठे असतात?"

"खाडीच्या तोंडाशी. आठ वाव खोल, तळाला."

गोठणकरांनी अर्ज पुढे ओढला. आई हयात, मयत, बुडालेली, असे तीन रकाने होते. बंदराचंच कार्यालय ते. त्यांनी तिसऱ्यात खूण केली. "मग हजर राहायला अडचण नसावी. दुसरीकडे कुठे जाणार त्या?"

नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जाळ्याचं शिसं बांधून, खाडीच्या तोंडाशी सोडली. संध्याकाळी एका कोळणीच्या जाळ्यात पोच वर आली. तिच्यावर कालवाच्या शिंपल्याचा गोल ठसा होता. गोठणकरांनी आवक क्रमांक टाकला.

शुक्रवारी साडेदहाला, पूर्ण भरतीला, थोरली तारामती वर आली. अंगातून पाणी निथळत होतं, एका कुशीला भगदाड होतं, आत मासे उड्या मारत होते. धक्क्यावर टेबल मांडून बसलेले गोठणकर खुर्चीतून उठून उभे राहिले. वयाचा मान असतो.

"उशीर झाला," ती म्हणाली. "चिखलातून पाय निघेना." मग तिने धाकट्याकडे बघितलं. "केवढं बारीक आहे हो."

मेस्त्रींना लागलं ते. "मापात आहे, बाई. तुमच्याच मापाचं आहे."

"माप असेल. काही देता का त्याला?"

"दर पंधरवड्याला माशाचं तेल लावतो."

"ते अंगाला. पोटात काय?"

गोठणकर अर्जात तसा रकाना शोधू लागले.

"आणि तीट कुठे आहे? उघड्यावर उभं केलंय, सगळा गाव बघतोय."

"चेहऱ्यावर चालत नाही," गोठणकर म्हणाले.

"तळव्याला लावू," विशाखा म्हणाली. "चिनूला मी तिथेच लावते." मेस्त्रींनी बोटावर डांबर घेतलं, बुडी मारली आणि गलबताच्या तळाला लावून वर आले.

मग मांडवाची नऊ कापडं जोडून थोरलीच्या अंगावर घातली. ती धाकट्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याला पुढ्यात घेतलं. धाकट्याची डोलकाठी थरथरत होती ती थांबली. आधी डावा डोळा उघडला, मग उजवा.

विशाखाने बटण दाबलं.

थोरलीने अर्जावर नांगराने सही केली. ती तिन्ही प्रतींवर, टेबलावर आणि खालच्या फरशीवर उठली. गोठणकर म्हणाले, स्पष्ट आहे. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"खाली दोन्ही बाजूंना हे काळं काय आलंय?"

विशाखाने वाकून बघितलं. कापडाखालून दोन शेवाळलेल्या फळ्या पुढे आल्या होत्या.

"आईचे हात आहेत, भाऊसाहेब."

"मग असू दे. माझ्या नातीच्या फोटोतपण आहेत." आणि त्यांनी शिक्का मारला.

मेस्त्री ओल्या धोतराने तोंड पुसत राहिले.

पाणी उतरायच्या आत थोरलीला निघायचं होतं. निघताना ती विशाखाजवळ थांबली. "उत्तरेच्या वाऱ्यात काढू नका त्याला."

"जहाज आहे ते, बाई," गोठणकर म्हणाले.

"तरी पण," थोरली म्हणाली.

"नाही काढणार," विशाखाने सांगितलं.

चौकातला चबुतरा मंजूर झालेला होता, मोकळा ठेवता येत नव्हता. म्हणून त्यावर गोठणकरांची खुर्ची बसवली. तिचंही ओळखपत्र नव्हतं. ते आता उभ्याने काम करतात.

रोज संध्याकाळी विशाखा खाडीच्या तोंडाशी जाते. चिनू कडेवर, गलबत दोरीला. तिथे दोरी सोडते आणि, लेकराला पाजताना कुणी बघू नये म्हणून, अर्धा तास पाठ करून बसते. मग हाक मारते. कधी गलबत लगेच येतं, कधी दोनदा हाक मारावी लागते. परत आल्यावर ती जुन्या टॉवेलने त्याच्या फळ्या कोरड्या करते, कारण हे सर्दीचे दिवस आहेत.