बांबूच्या त्या टोकाला कोण आहे?

एका जंगलात, बाळांनो, सिंह नव्हता. सिंहाचा आवाज मात्र होता.

सिंह प्रकृतीच्या कारणाने गेला होता आणि परतला नव्हता. ही गोष्ट फुटू नये म्हणून गुहेत एक भृंगराज बसवला होता. भृंगराज म्हणजे लांब शेपटीचा काळा पक्षी. कुणाचीही नक्कल करतो. सिंहाची तर अशी करायचा की खऱ्या सिंहालाही शंका यावी.

गुहेतून एक लांब पोकळ बांबू बाहेर काढला होता. पहाटे भृंगराज गुहेच्या फटीतून गुपचूप उडायचा, मगर कुठल्या घाटावर पडली आहे ते बघून यायचा आणि बांबूतून गरजायचा, “आज दगडी घाट टाळा!” प्रजेने बांबूला कान लावायचा, ऐकायचं आणि दुसऱ्या घाटावर पाणी प्यायचं. प्रजेने बांबूत बोलायचं नाही, असा नियम होता. राजाला उलट विचारणं शोभत नाही.

झाडावर बसूनही ओरडता आलं असतं. पण मग सिंह झाडावर का चढला, असं कुणीतरी विचारलं असतं.

अडचण एकच. बांबूच्या त्या टोकाला कुणी आहे की नाही, हे आतून कळत नसे. कुणी नसताना गरजलं की गर्जना वाया.

म्हणून साळिंदर तात्यांना नेमलं. तात्यांनी बाहेर जायचं, बघायचं, परत येऊन सांगायचं. अंतर चारशे बारा पावलं. तीही साळिंदराची.

“महाराज, हौसा भेकरीण कान लावून उभी आहे!” तात्या धापा टाकत सांगायचे. खासगीतही ते महाराजच म्हणत. सवय मोडू नये म्हणून.

“नक्की?”

“आत्ता या डोळ्यांनी बघून आलो.”

भृंगराज गरजायचा. तोवर हौसा कंटाळून गेलेली असायची. एका सशाने तर अंदाजानेच घाट निवडला. त्याच्याविषयी पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मग तात्यांना एक युक्ती सुचली. बांबू मोकळा असला की वाऱ्याने शिटी वाजते. कुणी कान लावला की शिटी बंद.

“म्हणजे शिटी थांबली, की बोलायचं!” तात्या म्हणाले. “आता चालायला नको.”

युक्ती दीड महिना उत्तम चालली. हौसा रोज ऐकून सुखाने पाणी पीत होती.

मग एका कुंभारीण माशीने बांबूच्या तोंडाशी मातीचं घर बांधलं. तोंड गच्च बुजलं. शिटी थांबली.

“आला कुणीतरी,” तात्या म्हणाले.

भृंगराज गरजला. शिटी वाजेना. तो पुन्हा गरजला. संध्याकाळ झाली.

“अजून ऐकतोय?”

“हललासुद्धा नाही, महाराज. काय ती निष्ठा!”

भृंगराजाला भरून आलं. मगरीचं सांगून झालं, तसा तो आपल्या बालपणाविषयी बोलू लागला. असे आठ दिवस गेले.

बाहेर हौसाला काहीच ऐकू येत नव्हतं. पहिले काही दिवस तिने दवावर काढले. आठव्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली. आज पाणी प्यायलाच हवं होतं. घाट तीन आणि मगर एक.

तिने बांबूचं तोंड हुंगलं. मातीचा वास आला. तिने खुराने माती फोडली.

“घर मोडलंस गं, मेले!” माशी ओरडली.

शिटी वाजली. आत तात्यांचे काटे उभे राहिले. “गेला हो! आठ दिवसांचा श्रोता गेला!”

हौसाने कान लावला. शिटी थांबली.

“आला, आला! बोला, महाराज!”

भृंगराजाने चोच उघडली. आठ दिवस बोलून घसा बसला होता. बांबूतून नुसतं ‘चीं’ आलं.

हौसाला तहान सोसवेना. भेकर म्हणजे भुंकणारं हरीण. नियम विसरून ती बांबूत भुंकली, “महाराज, चीं काय करता? मगर कुठाय ते सांगा!”

भृंगराज दचकला आणि आपल्याच पक्ष्याच्या आवाजात बोलून गेला, “जांभळीच्या घाटावर, बाई!”

हौसा उंबराच्या घाटावर गेली. पोटभर पाणी प्याली. जगली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राजाला प्रश्न विचारल्याबद्दल हौसाला बांबूपाशी यायची कायमची बंदी झाली. कुंभारीण माशीला आदर्श प्रजाजन म्हणून मान मिळाला आणि घर पुन्हा त्याच जागी बांधण्याची विनंती झाली.

शिटी आता वाजत नाही. भृंगराज रोज बोलतो. हौसाने त्या दिवशी पक्ष्याचा आवाज ओळखला होता. ती गुहेच्या मागे जाऊन फटीतून विचारते, “ए काळ्या, आज कुठला?” तो हळूच सांगतो.

तात्पर्य: ऐकणारा कंटाळला की उठून जातो, तहानला की प्रश्न विचारतो. माती दोन्ही करत नाही. म्हणून बाळांनो, मोठेपणी राज्य मिळालं तर आधी बांबू बुजवून घ्या.