लोखंड थकतं म्हणे!

सबनीसबाई दारात दिसल्या की पनवेलच्या बाजारातला भांडीवाला चहाचं निमित्त काढून सटकायचा. एक कढई घ्यायची, तर बाई अकरा कढया बोटावर टांगून चमच्याने वाजवायच्या आणि कानाशी नेऊन ऐकायच्या. "ही बद्द वाजतेय. ओतताना हवा राहिलीय आत." शेवटी एकही न घेता बाहेर. सोबत मी असले, तर मलाही घेऊ द्यायच्या नाहीत.

खांदा कॉलनीत आमची दारं समोरासमोर. एसटीडीचे पिवळे बूथ तेव्हा नुकते कुठे दिसू लागले होते. मी टेलिफोन ऑपरेटर, बाई धातुशास्त्रातल्या इंजिनिअर. साध्यासुध्या नव्हे, जिथे प्रवेश मिळाला की गावभर पेढे वाटतात, तसल्या संस्थेतल्या. वर्गात एकटी मुलगी. त्यांच्या वह्या उतरवून पास झालेली मुलं अमेरिकेला गेली. बाईंना मात्र पोलादाच्या कारखान्यातल्या मुलाखतीत सांगितलं, "भट्टीवर रात्रपाळी असते. शिवाय तिथे बायकांसाठी संडास नाही."

"एवढे मिश्रधातू शिकले," बाई सांगायच्या, "आणि अडले कुठे, तर संडासात!" आम्ही पोट धरून हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

आता तळोज्याच्या एका कारखान्यात त्या नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळत. मागितला की काढून द्यायचा, परत आला की ठेवायचा. एकदा नकाशातली चूक दाखवली, तर साहेब म्हणाला, "मॅडम, गुंडाळी मागितलीय, मत नाही."

एका रविवारी सोसायटीच्या आवारातल्या झोक्याशी बाई थांबल्या. स्टूल आणवून वर चढल्या. झोक्याची कडी वाजवली, कान लावला.

"लोखंड थकलंय," त्यांनी जाहीर केलं. "कडीला भेग गेलीय. मुलांना बसू देऊ नका."

लोखंड थकतं म्हणे! सगळी सोसायटी हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये चारजणींना रंगवून सांगितलंसुद्धा.

बाईंनी सेक्रेटरी दाभाड्यांना अर्ज दिला. तीन पानी, आकृतीसकट. दाभाडे स्वतः डिप्लोमावाले. म्हणाले, "वहिनी, गंज आहे तो. रंग मारून घेऊ." आणि खरंच मारला. छान चंदेरी. भेग दिसेनाशी झाली. बाईंनी दुसरा अर्ज दिला, मग तिसरा.

तिसऱ्या अर्जानंतर चारच दिवसांनी कडी तुटली. झोक्यावर माझी मंजू होती. उजवा हात कोपरापाशी मोडला.

दाभाडे म्हणाले, "हल्लीची मुलं झोके फार जोरात घेतात." बाकीचे बाईंच्या दाराशी जमले. "तुम्हाला कसं हो आधीच कळलं?" हे कौतुकाने! बाईंनी दार लावून घेतलं.

दवाखान्यात आल्या, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं हो."

"बरोबर असून काय करू?" बाई कडाडल्या. "इतकं शिकले आणि अर्ज लिहीत बसले. एक करवत आणून झोका कापून टाकायला काय धाड भरली होती मला?"



घरात आम्ही मायलेकी दोघीच. माझी पाळी सकाळी सहाची आणि मंजूचा हात प्लास्टरमध्ये. शाळेच्या दोन वेण्या कोण घालणार? केस कापून टाकायचं मी ठरवलं. बाई म्हणाल्या, "कापू नका. मी आहे."

त्यांना मूलबाळ नव्हतं. वेणी घालायची सवय नव्हती. प्लास्टर निघेपर्यंत मंजू रोज शाळेत वाकड्या वेण्यांनी गेली.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम डोकावले. मंजू पाटावर, मागे बाई, दातांत रिबीन धरलेली.

"काकू, उजवी खाली आली."

बाईंनी निमूट वेणी सोडली, परत घातली. "आता?"

"थोडी वाकडीच आहे. पण असू दे, चालेल."

"नाही चालत," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून केस विंचरू लागल्या.