हातभर लांबून

आमच्या पालघरच्या घरी जयराममामा आले की दारात चपला काढत, कुणाशी एक अक्षर न बोलता ओटी, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या भिंतीपर्यंत जात आणि तिच्यावर उजवा तळवा असा हाणत की फळीवरचे डबे हलत.

"लागला हात!" ते ओरडत. "बगितला ना समद्यांनी? का नाय बगितला?"

"बगितला, मामा," चुलीपुढून माझी बायको सुमन म्हणे. "आता बसा."

मगच ते बसत. हा मान फक्त आमच्याच भिंतीला होता असं नाही. पोस्ट, कचेरी, माकुणसारच्या व्याह्यांचं घर, कुठलीच भिंत सुटली नव्हती. एकदा माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेलो, तर मामांनी तिथेही आत शिरून भिंत वाजवली. मुलीचा बाप घाबरून म्हणाला, "औंदाच बांधलीय हो!"

नव्या माणसाला हे वेड वाटे. मला विचाराल तर तो निषेध होता, आणि तो एकट्याने सात वर्षं चालवायला छाती लागते.

जयराममामा म्हणजे सुमनचे सख्खे मामा, दातिवऱ्याचे. वैतरणेच्या मुखाशी डोल जाळं लावायचं, हा त्यांचा धंदा. एकटा जीव. लग्न का केलं नाही असं विचारलं, तर "पोरगी बघायला गेलो त्या दिशी भरती चुकली" एवढंच उत्तर मिळे. पोहायला कधी शिकलात, या प्रश्नावर ते उलट विचारत, "मासली कवा शिकली?" ओहोटीचं पाणी खाडीतून समुद्राकडे ओढत असताना हा माणूस उलटा खाडीत शिरत असे, तेही तोंडाने कुणाला तरी शिव्या देत.

मीही दर्याकाठच्याच घरातला. पण वडिलांनी पालघरला कचेरीत नोकरी धरली, त्यांच्यामागून मी धरली, आणि दर्याशी माझा संबंध ताटातल्या बोंबलापुरता उरला. पाण्यात मी दगडासारखा जातो. फरक एवढाच की दगड आरडाओरडा करत नाही.

साठ सालानंतर लवकरच केव्हातरी, केळव्याला हवा खायला आलेल्या एका मुंबईच्या गृहस्थाने मामांना पोहताना पाहिलं. भर ओहोटीत सुटलेली होडी मामांनी पोहत जाऊन परत आणली होती. तो गृहस्थ वेडा झाला. मुंबईच्या एका तरणतलावावर सगळ्यांसाठी खुल्या शर्यती व्हायच्या होत्या, त्यांचा फॉर्म आणि नियमांचं पुस्तक त्याने पाठवून दिलं. दोन्ही इंग्रजीत. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणजे कचेरीत लागतं तेवढं.

दातिवऱ्याच्या अंगणात बसून मी मामांना ते पुस्तक मराठीत सांगितलं. अंगाला तेल लावू नये, शिट्टीआधी उडी मारू नये, सगळं सांगितलं. वळताना भिंतीला हाताने स्पर्श करावा, असंही एक कलम होतं. तेवढं मी गाळलं. भिंतीपर्यंत पोहत गेलेला माणूस भिंतीला हात लावणारच, हे काय सांगायचं? ही माझी अक्कल.

ही अक्कल किती तोकडी होती ते कळायला खुंटाची रीत ठाऊक हवी. डोल जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात, आणि प्रत्येक घराचे खुंट पिढ्यान् पिढ्या ठरलेले. दुसऱ्याच्या खुंटाला हात लावायचा नाही. होडी बुडत असेल तरच लावावा, आणि मग किनाऱ्यावर येऊन खुंटाच्या धन्याला तसं सांगावं. एरवी हात लावला तो चोर. पोरं पोहायला शिकतात तेव्हाच हे शिकतात. गावात शर्यत लागली की कुणाच्या तरी खुंटाला वळसा घालून यायचं असतं, पण हातभर लांबून.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कचेरीत वीस वर्षं बसलं की माणूस ठाऊक असलेल्या गोष्टी फाइलला लावून ठेवतो.

मुंबईला मीच त्यांच्याबरोबर गेलो. तलाव बघून मामांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. "याला ना भरती, ना ओहोटी. मेलेलं पानी हे, जावय. यात पवायचं काय, आंगोळ करायची."

तलावाची एक लांबी जायचं, समोरच्या भिंतीला वळायचं आणि परत यायचं, एवढीच शर्यत. शिट्टी झाली आणि मामा असे सुटले की बाकीचे पाचजण त्यांना पोचवायला आल्यासारखे दिसू लागले. मी समोरच्या भिंतीच्या बाजूलाच बसलो होतो. मामा आले. भिंत हातभर राहिली तेव्हा त्यांनी झोकात वळण घेतलं. अगदी रीतीप्रमाणे, परक्याच्या खुंटाला वळावं तसं.

मला ते दिसलं. नियम माहीत असलेला आणि त्यांची बोली बोलणारा त्या काठावर मी एकटाच होतो. "मामा, मागं फिरा, हात लावा!" हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. पण शेजारी इस्त्रीच्या कपड्यातले एक सद्गृहस्थ बसले होते, आणि मगाशी मी जरा मोठ्याने बोललो तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं होतं. मी खोकलो.

मामा पहिले आले. लगेच बाद झाले.

"का म्हून?" त्यांनी पंचाला विचारलं.

"भिंतीला हात लावला नाहीत."

"भिंत कोनाची?"

"तलावाची."

"माजी नाय ना? मग हात कशाला लावू? मी काय चोर हाय?"

पंच हसला. आजूबाजूचे चारजण हसले. नुसतं बाद केलं असतं तर मामांनी ते गिळलं असतं. हसले, ते नाही गिळलं. का गिळावं? ज्या माणसाच्या मागे पाचजण धापा टाकत येत होते, त्याला तुम्ही दात दाखवता?

मामांची कारकीर्द तिथे संपली आणि माझी सुरू झाली. भांगाचे दिवस आले, म्हणजे पाण्याला ओढ नसून जाळं लागत नाही असे दिवस आले, की मामा पालघरला येत, भिंत वाजवत आणि मला त्या शर्यतवाल्यांच्या नावे अर्ज लिहायला बसवत. मागणी एकच. मी पहिला आलो, हे कागदावर लिहून द्या.

"लिवा, जावय. जो दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाय त्याला तुमी बाद करता, तर तुमच्याकडं बक्षीस कोनाला देतात?"

मी लिही, 'सविनय विनंती विशेष...'

"विनंती कसली? भांडन हाय हे! खोडा!"

मी खोडी. एकदा, फक्त एकदा, उत्तर आलं. 'आपले पत्र पोचले.' मामा दोन दिवस धुमसत होते. "पोचलं ते मला ठाव हाय. टपालवाल्याच्या हातात मीच दिलं ना!"

पुढे तारापूरला प्रकल्पाचं काम सुरू झालं, बोईसरला बाहेरगावचे साहेब राहायला आले. त्यातल्या एका इंजिनियरला मामा पापलेट पोचवत. हा शिकलेला माणूस न्याय करील म्हणून त्यांनी त्याला सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, "मामाजी, नियम तो नियम होता है." त्या दिवसापासून साहेबांचं पापलेट बंद झालं.

सातव्या वर्षी केळव्याच्या तळ्यात शाळांच्या पोहण्याच्या शर्यती ठरल्या. हेडमास्तर माझ्या ओळखीचे. म्हाताऱ्याला कुठेतरी मान मिळावा, आणि खरं सांगायचं तर माझे अर्ज थांबावेत, म्हणून मी मामांचं नाव सुचवलं. मामा पंच झाले. काम असं, की दगडी बांधावर उभं राहायचं आणि वळणाऱ्या पोराचा हात बांधाला लागतो की नाही ते बघायचं. मामा कोट घालून, छातीला निळी फीत लावून आले. बांधावर चढताना माझ्या कानात म्हणाले, "आज बगा, कसं निरखून बगतात ते."

मुलींच्या शर्यतीत दातिवऱ्याची चंद्री होती. कोळ्याची पोर, फ्रॉक कमरेला गाठ मारून उतरलेली. घाटापासून निघाली ती सगळ्यांच्या दोन हात पुढे. बांधाजवळ आली आणि हातभर लांबून, झोकात वळली.

मी उठून उभा राहिलो. पण मामा तेवढ्यात बांधावर आडवे पडले होते. अर्धं अंग पाण्यावर लोंबत होतं, फीत भिजत होती.

"चंद्रे! फिर मागं! लाव हात! तुज्या बापाचीच भिंत हाय ही, लाव!"

चंद्री गोंधळली, मागे आली, बांधावर थापटी मारली आणि पुन्हा सुटली. तोवर दोघी पुढे गेल्या होत्या. ती तिसरी आली, पण तिचा नंबर टिकला.

मामांचा नाही टिकला. मुख्य पंच लाल होऊन आले. "पंचाने स्पर्धकाला सांगायचं नसतं, इतकंही कळत नाही?"

"पोर बुडत आसती, तवाबी गप ऱ्हायाचं?"

"ती बुडत नव्हती!"

"मानूस कसा बुडतो ते तुमी मला शिकवता?" मामा कडाडले. त्यांनी ओली फीत उपटून मुख्य पंचांच्या हातावर ठेवली. चंद्री कुडकुडत शेजारी उभी होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तिसरी तर तिसरी. कागदावर हाय ना?"

परत येताना आम्ही सुपारीच्या वाड्यांमधून स्टेशनाच्या वाटेला लागलो. मामा गप्प होते. ते भांडत असले की मला बरं वाटतं. गप्प असले की सुचत नाही. शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं.

"मामा, मुंबईला त्या दिवशी मला दिसलं होतं. मी ओरडायला हवं होतं."

"ठाव हाय," ते चालता चालता म्हणाले. "वळताना मान वर काडली ना, तवा तुमी दिसलात. तोंड उगडं व्हतं."

मी थांबलो. "मग मामा, सात वर्षं माझ्याच हातून अर्ज लिहून घेतलेत. पंच, तलाव, पाणी, सगळ्यांची नावं घातलीत. हे एकदाही नाही लिहायला सांगितलं?"

मामाही थांबले. मुख्य पंचाकडे पाहिलं होतं त्याहून जास्त रागाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय बोलता, जावय? घरच्या मानसाचं नाव कुनी तक्रारीत घालतं काय?"